फरशी कोरडी, घर ओले

प्रश्न : कार्ल्यात आमचे छोटे बैठे घर आहे. जुलैत दोन आठवडे ते बंद होते. तेवढ्यात बेसिनखालचा कनेक्शन पाइप सुटला आणि हजार लिटरची टाकी रिकामी होईपर्यंत पाणी दोन्ही खोल्यांत पसरत राहिले. आम्ही पोचल्यावर पाणी उपसले, फरशी पुसून काढली, तीन दिवस पंखे लावले, दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. फरशी अगदी कोरडी झाली. पण ऑगस्ट संपत आला तरी घरातला कुबट वास जात नाही. भिंतींना गुडघ्याएवढी ओल चढली आहे आणि काही फरश्या पोकळ वाजतात. कुणी शेगडी पेटवा म्हणते, कुणी कोपऱ्यात मीठ ठेवायला सांगते, मिस्त्री तर सगळी फरशी उखडायला निघाला आहे. नेमके करावे तरी काय?

उत्तर : मिस्त्रीला तूर्त थांबवा आणि खिडक्या लावून घ्या. दुसरी सूचना ऐकून तुम्ही चक्रावला असाल, म्हणून आधी तिचे बोलू.

पंचवीस अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावते. मावळात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे खिडकीतून येणारी हवा २१ ग्रॅम पोटात घेऊनच आत येते. जागा उरली दोन-सव्वादोन ग्रॅमची. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा असते. ती सगळीच्या सगळी एकदा बदलली तरी फार तर अर्धी वाटी पाणी बाहेर जाणार, तेही हवा पूर्ण तृप्त होऊन गेली तर. धुके दारातून आत शिरते अशा दिवशी तेवढेही नाही. उलट फरशी हवेपेक्षा गार असेल तर बाहेरचेच पाणी तिच्यावर येऊन बसते. आता हीच खोली डिसेंबरच्या दुपारी घ्या. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ३५ टक्के धरली, तर एकदा हवा बदलताच अर्ध्या लिटरहून जास्त पाणी जाऊ शकते. खिडकी तीच, घर तेच, काम आठपट. उघडी खिडकी हा दिवाळीनंतरचा उपाय आहे. श्रावणात तो घरात ओल घेऊन येतो.

मग फरशी तीन दिवसांत कोरडी कशी झाली? वरचे पाणी तुम्ही पुसले म्हणून. हजार लिटरपैकी काही उंबऱ्यावरून बाहेर गेले, काही तुम्ही उपसले. उरलेले फरशीच्या सांध्यांतून आणि स्कर्टिंगच्या फटीतून खाली उतरले.

आपल्याकडे फरशी बसवायची पद्धत डोळ्यांसमोर आणा. जोत्यात दगडमातीची आणि मुरमाची भर, तिच्यावर सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट, त्यावर दीड-दोन इंच माल आणि मालावर फरशी. हा मालाचा थर कधीच घट्ट नसतो. त्यात वाळू जास्त, सिमेंट कमी, मधेमधे पोकळ्या. पाणी त्यातून आडवे पसरते आणि काँक्रीटवर अडून राहते. आता साधा हिशोब करा. त्याच खोलीचे क्षेत्रफळ ११ चौरस मीटर, थर पाच सेंटिमीटर, म्हणजे ५५० लिटर आकारमानाचा माल झाला. त्याचा पाचवा हिस्सा पाण्याने भरला असे धरले, तरी एका खोलीच्या फरशीखाली शंभर लिटरहून अधिक पाणी आहे. वरून घट्ट झाकण आहेच. व्हिट्रिफाइड टाइलची पाणी शोषण्याची मर्यादा अर्धा टक्का असते, म्हणजे तिच्यातून वर काहीच येत नाही. वाट उरते ती फक्त टाइलांमधल्या दोन मिलिमीटरच्या सांध्यांची आणि भिंतीच्या कडेची. म्हणूनच पाणी भिंतीत चढते. विटा आणि गिलावा ते वर खेचतात आणि ओल गुडघ्यापर्यंत येते. जुन्या घरातली शाहाबादी किंवा सिमेंटची मोझॅक फरशी थोडी तरी श्वास घ्यायची. शेणाने सारवलेली जमीन तर पूर्ण पृष्ठभागातून वाळायची. चकचकीत टाइल बसवून आपण ती सोय गमावली आहे. टाइल पुसायला सोपी, वाळायला अवघड.

मिठाचे आणि ओल शोषणाऱ्या पुड्यांचे उत्तर या शंभर लिटरांतच आहे. कपाटात टांगतात ती कॅल्शियम क्लोराइडची पिशवी काहीशे मिलिलिटर पाणी ओढून संपते. खोलीला तशा शेकडो लागतील. कपाटापुरती ती चांगली, फरशीसाठी नाही.

शेगडीचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. बंद खोलीत कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडने माणसे झोपेतच जातात. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. गॅसच्या शेगडीत आणखी एक गंमत आहे. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे दीड किलो पाणी बाष्परूपाने तयार होते. म्हणजे खोली वाळवायला तुम्ही हवेत पाणीच सोडता. विजेचा हीटर त्या मानाने बरा, पण बाष्प बाहेर काढायची सोय नसेल तर तोही फरशीतले पाणी उचलून गाद्यांत आणि कपाटांत नेऊन ठेवतो.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्या. पहिली, गळती खरोखर थांबली आहे का? रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खडूची रेघ मारा, पंप बंद ठेवा, सकाळी बघा. पातळी उतरली असेल तर सुटलेल्या पाइपाखेरीज भिंतीतली एखादी लाइनही पाझरते आहे. तेव्हा प्लंबरला बोलावून लाइनला हातपंपाने दाब देऊन तपासून घ्या. हे न करता फरशी वाळवणे म्हणजे नळ चालू ठेवून पोछा मारणे.

दुसरी खात्री कार्ल्यासाठी जास्त महत्त्वाची. इंद्रायणीच्या या पट्ट्यात कित्येक बंगले भाताच्या खाचरांवर उभे आहेत. खाचर पाणी धरून ठेवण्यासाठीच बांधलेले असते आणि घर बांधले म्हणून जमीन तो स्वभाव सोडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतले पाणी हातभर खोलीवर येते. तेव्हा जोत्यापासून चार-पाच फुटांवर दोन फूट खोल खड्डा घ्या, वर पत्रा झाका आणि दुसऱ्या दिवशी डोकावून बघा. खड्ड्यात पाणी उभे असेल तर तुमच्या घराची ओल निम्मी पाइपाची आणि निम्मी जमिनीची आहे. अशा वेळी आत कितीही यंत्रे लावली तरी खालून भर पडतच राहणार. घराच्या चढाच्या बाजूला जोत्याच्या पायाइतका खोल चर काढून पाणी उताराला लावा. यात मिस्त्री हवा, पण कुदळ घेऊन, छिन्नी घेऊन नव्हे.

खड्डा कोरडा निघाला तर आत या. पोकळ वाजणाऱ्या फरशीने लगेच घाबरू नका. पुष्कळ गवंडी टाइलच्या चार कोपऱ्यांत आणि मधे मालाचे गोळे टाकून ती बसवतात, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासूनच पोकळ वाजते. खरे काय ते खाली बघितल्याशिवाय कळत नाही. खोलीचा सर्वांत सखल कोपरा शोधा. फरशीवर पेलाभर पाणी ओतले की ते कुठे धावते ते दिसते. तिथले स्कर्टिंगचे दोन तुकडे आणि त्यांना लागून असलेली एक टाइल काढायला सांगा. सांध्यातला भराव ग्राइंडरने कापून, टाइलच्या कडेत पातळ छिन्नी घालून हलकेच उचलली तर ती सहसा अख्खी निघते आणि परत बसवता येते. ग्राइंडर आणि पंखे लावण्याआधी जमिनीलगतचे प्लग पॉइंट वायरमनकडून तपासून घ्या. तोवर त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवा.

टाइल निघाली की खालचा माल बघा. कोरडा माल करडा-पांढरट असतो आणि बोटाने खरवडला की भुगा होतो. ओला माल काळपट दिसतो. मुठीत दाबला तर त्याचा गोळा होतो आणि तळहातावर पाण्याची चकाकी राहते. खड्ड्याच्या कडांतून पाणी झिरपून तळाशी डबके साचत असेल तर स्पंजने टिपत राहा, दोन-तीन दिवस, दर काही तासांनी. हे पाणी फुकटात निघते. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या आसपास ऊर्जा लागते, तेव्हा जितके द्रवरूपात उचलाल तितके बरे. नंतर भिंतीच्या कडेने सगळे स्कर्टिंग काढा, आणि ओल खोलीभर असेल तर समोरासमोरच्या भिंतींलगत टाइलची एकेक ओळ. बहुतेक घरांत एवढ्यावर भागते. मधली फरशी जागच्या जागी राहू द्या.

आता यंत्र. डिह्युमिडिफायर आतली हवा गार नळीवरून नेतो, बाष्पाचे पाणी करून बादलीत टाकतो आणि तीच हवा थोडी कोमट करून परत सोडतो. मावळातल्या पावसाळी तापमानात तो उत्तम चालतो. खोक्यावर ‘दिवसाला २० लिटर’ लिहिलेले असले तरी तो आकडा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. खोली सुकत जाईल तसे पाणी कमी निघते. एसी असेल तर ड्राय मोडवर लावा, काम तेच. खिडक्या बंद, दाराच्या खालच्या फटीला जुनी चादर, आणि एक टेबलफॅन जमिनीवर आडवा ठेवून उघड्या केलेल्या कडेवर वारा जाईल असा. रोज बादलीतले पाणी मोजून लिहा. पहिल्या आठवड्यात आकडा मोठा असेल, मग उतरेल. आठवडे उलटले तरी तो जराही उतरला नाही, तर फटींतून मावळची हवा आत येते आहे आणि तुम्ही पैसे देऊन पाऊस वाळवता आहात. फटी शोधा.

सुकले हे कळायचे कसे? हाताला कोरडे लागते यावर विश्वास नको. दुकानात काहीशे रुपयांना छोटा डिजिटल हायग्रोमीटर मिळतो. तो उचललेल्या टाइलच्या खड्ड्यात ठेवा, त्यावर पारदर्शक डबा पालथा घाला, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि पूर्ण दिवस तसाच राहू द्या. डब्यातली हवा खालच्या मालाशी जुळते. आकडा नव्वदीच्या पुढे असेल तर माल अजून भिजलेला आहे. पंच्याऐंशीच्या खाली आला की टाइल परत बसवायला हरकत नाही. लाकडी किंवा विनाइलची फरशी घालायची असेल तर पंचाहत्तरच्या खाली येईपर्यंत थांबा. बांधकामाच्या ब्रिटिश मानकांतही हीच मर्यादा धरलेली आहे. वरून मोकळा असलेला सिमेंटचा थर चांगल्या हवेत दिवसाला साधारण एक मिलिमीटर सुकतो असा ठोकताळा आहे. तुमचा थर पन्नास मिलिमीटरचा आणि वर टाइल. तेव्हा घाई केली तरी ऑक्टोबर उजाडणार, यंत्र नसेल तर दिवाळीनंतरचा महिना.

तोवर भिंतींना काही लावू नका. ओल जिथवर चढली आहे तेवढ्याच उंचीची पुट्टी आणि रंग खरवडून गिलावा उघडा करा. पांढरा लोणा फुटेल, तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातील. वॉटरप्रूफ रंगाचा डबा घेऊन कुणी आला तर त्याला जानेवारीत बोलवा. ओल्या भिंतीवर तो रंग मारला की ओल कोंडली जाते आणि फूटभर वर जाऊन पोपडे काढते. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क बांधून साबणपाण्याच्या फडक्याने पुसा, कोरडी झाडू नका.

मिस्त्रीचे म्हणणे खरे ठरेल असे प्रसंगही आहेत. पाणी घाण असेल तर गय करू नये. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी घरांत शिरले. तसे गाळाचे, मैल्याचे पाणी मालात बसले असेल तर नुसते वाळवून चालत नाही, तो थर काढावाच लागतो. लॅमिनेटची लाकडी फरशीही वाचत नाही; तिच्या आतला दाबलेला भुसा एकदा फुगला की परत बसत नाही. आणि गळती वरच्या मजल्यावरच्या संडास-बाथरूमची असेल तर तिच्या खालच्या खोलगट (संकन) स्लॅबमधली भर महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवते. तिथे फोडण्याला पर्याय नाही. तुमचे बैठे घर आणि टाकीचे स्वच्छ पाणी, त्यामुळे तुम्ही स्वस्तात सुटाल असे वाटते.

प्रश्न : कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत आणि त्या दोन हजार वर्षांच्या आहेत असे वाचले. इतक्या पावसात त्या टिकल्या, आणि आमचे प्लायवुडचे कपाट एका पावसात कुजले. असे का?

उत्तर : प्रश्न आवडला. त्या कमानी बऱ्याच अंशी मूळच्या मानल्या जातात, आणि त्यांच्या टिकण्यात चमत्कार नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात वजनाच्या किमान वीस टक्के पाणी लागते आणि ती फोफावते तीस टक्क्यांच्या आसपास. नुसत्या दमट हवेत, अगदी ९० टक्के आर्द्रतेतही, लाकूड वीस टक्क्यांशी येऊन थांबते. त्याहून वर जायला द्रवरूप पाणी लागते. चैत्याच्या कमानी सुमारे चौदा मीटर उंच बेसॉल्टच्या कमानदार छताखाली आहेत. पावसाची सर तिथवर पोचत नाही, वारा पोचतो, आणि चार महिने दमट झालेले लाकूड पुढचे आठ महिने वाळते. तुमच्या कपाटाचे पाय मात्र पाण्यात उभे होते. प्लायची कापलेली कड पाणी वर ओढते, पाठ भिंतीला चिकटलेली, वारा नाही.

जाता जाता, याच लेण्यांतल्या एका शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंसाठी करजिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे, आणि ते दान तिथे वर्षावास करणाऱ्यांसाठी आहे. वलूरक म्हणजे हीच लेणी. तेव्हा माणसे पाऊस आला की कार्ल्यात मुक्कामाला येत. आपण नेमके त्याच चार महिन्यांत घराला कुलूप लावतो आणि मग ओलीची तक्रार करतो.

प्रश्न : आमच्याकडे गळती कुठेच नाही. तरी जूनमध्ये बंद घर उघडले की तासाभरात फरशीला घाम फुटतो. ही जमिनीची ओल का? आणि पावसाळ्यात घर बंद ठेवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : बहुधा हवेची. बंद घराची फरशी गार असते, तुम्ही दार उघडताच बाहेरची दमट, उबदार हवा तिच्यावर येऊन थेंब धरते. खात्री करायची तर फरशीचा चौक, म्हणजे चार टाइलांचे सांधे मिळतात ती जागा, पारदर्शक प्लास्टिकच्या हातभर तुकड्याने झाका आणि चारी कडा चिकटवा. दिवसभराने थेंब प्लास्टिकच्या वर दिसले तर हवेचे, खाली दिसले तर जमिनीचे. हवेचे असतील तर आल्या आल्या सगळी दारे उघडू नका. आधी पंखे, मग तासाभराने एकेक खिडकी. ओल्या फडक्याने पुसणे त्या दिवसापुरते राहू द्या.

बंद करून जाताना पंपाचा स्विच आणि टाकीखालचा मेन कॉक बंद करा, आणि मग आतला एक नळ उघडून लाइनमधले पाणी काढून टाका. बेसिन, कमोड आणि गीझरचे कनेक्शन पाइप दर काही वर्षांनी बदला, गंज दिसायची वाट बघू नका. आतल्या खोल्यांची आणि कपाटांची दारे उघडी ठेवा, कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. गाद्यांवर प्लास्टिक घालू नका, त्या उभ्या करून ठेवा. आणि शेजारी किल्ली ठेवणारा कुणी असेल तर त्याला महिन्यातून दोनदा नुसते आत डोकावून फरशी बघायला सांगा.